पान सात

"हॅलो? … हॅलो, कोण? … हां, बोला मालक, बोला! सकाळपासून तुमच्याच फोनची वाट बघतोय. … नाही हो, मोबाईलला इथे रेंज कुठली? ही तारेचीच लाईन, खरखरणारच. जरा जोरात बोला. … आजच मशीनवर? मग काय, सोन्याहून पिवळं! … फक्त एकदा पानं डोळ्यांखालून घालू. एक मिनिट हं…"

साहेबांनी रिसीव्हरवर तळवा दाबला आणि समोर न बघताच म्हणाले, "छापखान्याचाच आहे. बसा. घालतो कानावर."

शिंपीणबाई बसलेलीच होती. सकाळी दहापासून, बेटाच्या माहिती केंद्रातल्या त्या एकुलत्या एका बाकावर. आता चार वाजत आले, तरी तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं. मागणं एवढंसं होतं. पाहुण्यांसाठी जी पुस्तिका छापायला निघाली होती, तिच्या पान सातवरचा एक शब्द काढायचा. 'दारुड्या नावाड्याचा खडक'. त्यातला पहिला शब्द.

तो नावाडी म्हणजे तिचा नवरा. सहा वर्षांपूर्वी, ऐन वादळात, धक्क्यासमोरच्या खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेत त्याची बोट फुटली. धक्क्यावर लाल झेंडा चढवलेला होता, तरी हा आत घुसला, त्या अर्थी प्यालेलाच असणार, असं बंदराचाही कारभार बघणाऱ्या याच साहेबांनी पंचनाम्यात लिहून टाकलं. त्याला अल्सर होता, साधा चहा सोसत नसे. पण मेलेला माणूस काही उठून तोंडाचा वास देत नाही. आता पुस्तिका शाळेतही वाटणार होते. पाचवीतल्या तिच्या पोरीला वर्गात उभं राहून बापाचं पान मोठ्याने वाचावं लागणार होतं.

"बोला मालक. … पान दोन, उद्घाटनाचा फोटो. त्याच्याखालची ओळ शेवटी सांगतो. … पान तीन, निसर्ग. 'हिवाळ्यात येथे हजारो पांढरे पक्षी येतात.' … छे, हल्ली कुठले? धक्क्यावर मोठे दिवे लावले ना आपण, तेव्हापासून फिरकत नाहीत. … अहो, 'येतात'च राहू द्या! पाहुणे आले आणि पक्षी नाही आले, तर तो पक्ष्यांचा हलगर्जीपणा. … हा हा! … पान चार, इतिहास. दीपगृह तीनशे वर्षांचं. … कागदावर दीडशेच आहे, पण दीडशेसाठी कोण बोटीत ओकत येणार? तीनशे. बिनधास्त. … पान पाच, लोकजीवन. 'बेटावरची माणसं साधी, हसतमुख आणि…' हां, 'अगत्यशील'. …"

इथे त्यांची नजर बाईवर पडली.

"…हो हो, हसतमुखच. एक इथे समोरच बसली आहे."

बाई हसली नाही. तिचा हात बाकाशेजारच्या टेबलावर गेला होता. टेबलावर पाहुण्यांना दाखवायला शंख-शिंपले मांडलेले, खाली लाल कापड अंथरलेलं. शिंपिणीचा हात तो. कापड दिसलं की काठ चाचपणार. तीन बाजूंना दुहेरी टीप होती, मेण लावलेल्या दोऱ्याची. चौथी बाजू नुसती फाटलेली, टिपेविना. चांगलं कापड आणि असं फाडलंय, एवढंच तिच्या मनात आलं.

"…पान सात. हां, मालक, इथे जरा थांबा. खडकाचं शीर्षक आहे ना, त्यातला तो शब्द… नाही नाही, शुद्धलेखन ठीक आहे. इथे एक बाई आल्यात. … त्याची बायको. … हो, आहे अजून. … म्हणतात, शब्द काढा. … मग काय उरतं? … 'नावाड्याचा खडक'. … अं. … तेही खरंच. नुसते खडक काय, कुठेही पडलेले असतात."

"साहेब, पोरगी पाचवीत आहे, तेवढं सांगा," बाई म्हणाली.

"पोरगी पाचवीत आहे म्हणतात. … हो, सांगायचं ते सांगितलं मी. … काय? चित्र? … बाटली तोंडाला लावलेला नावाडी! … वा मालक, वा! आपला गाईड तिथे बोटीत झोकांड्या खाऊन दाखवतो ना, अगदी तसाच काढा. लोक काय हसतात! … हो, शब्दही ठेवा, चित्रही घाला. जागा आहे ना? … झालं तर मग."

पुन्हा तळवा रिसीव्हरवर आला. "बाई, छपाईच्या अडचणी असतात. तुम्हाला नाही कळायच्या. या आता."

बाई उठली नाही. तिची बोटं अजून कापडाच्या फाटक्या काठावरच फिरत होती. साहेबांनी मात्र ती गेलीच असं धरलं. एकदा निकालात काढलेलं माणूस त्यांना पुन्हा दिसत नसे.

"बोला. … पान दोनची ओळ? घ्या लिहून. 'माहिती केंद्राचे उद्घाटन फीत कापून करताना मान्यवर.' … काय? … फीत जाड दिसते? दिसणारच! अहो, गंमत सांगतो तुम्हाला. मान्यवर दारात उभे, कात्री तबकात, आणि फीतच नाही! सगळे एकमेकांकडे बघताहेत. माझी तर दातखीळ बसली. मग लढवलं डोकं. धक्क्यावर तो लाल झेंडा होता ना… हो, वादळाचा… सकाळीच सूचना आली म्हणून चढवलेला… तो उतरवला, टरकन एक पट्टी फाडली आणि बांधली दाराला! … हा हा! … नाही, परत कुठला चढवतोय? फाटका झेंडा बरा दिसतो का पाहुण्यांसमोर? आभाळ तसं बरं दिसत होतं. तासाभराने कोण मरतंय, म्हटलं. … उरलेलं कापड फुकट नाही घालवलं हं. शिंपल्यांखाली अंथरलंय, झकास दिसतं."

बाईचा हात कापडाच्या काठावर थांबला. टेबलामागे लोंबणारं टोक तिने हळूच ओढून घेतलं. कोपऱ्यात पितळी कडी होती. खालच्या कोपऱ्यात दुसरी. या कड्या तिनेच ओवल्या होत्या, बंदराचं काम म्हणून, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. झेंडा वादळात उडून गेला, असं तिला सांगितलं होतं. नंतर नवा आला, प्लॅस्टिकचा.

सहा वर्षं ती एकच विचारत होती. डोळ्यांनी धडधाकट माणूस, समोर झेंडा, मग हा आत शिरला कसा? विचारून विचारून थकली, आणि गेल्या वर्षीपासून तिलाही वाटायला लागलं होतं की कदाचित प्यालाही असेल. आपल्या चोरून. तिने मनातल्या मनात त्याला शिव्याही दिल्या होत्या.

"…हो, तोच दिवस. … तीच बोट. पलीकडून खुर्च्या आणायला मीच पाठवली होती. … गेल्या ना, साठच्या साठ गेल्या. कोऱ्या होत्या हो! प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. … चालायचंच. … अरे, हे काय?"

शिंपले फरशीवर खडखडत सांडले. एक मोठा शंख घरंगळत साहेबांच्या बुटाशी गेला.

"नाही मालक, तुम्हाला नाही. … बाई! ओ बाई, अजून इथेच? काय करताय? … ठेवा ते खाली! … नाही हो, शिंपले सांडले. बायका एकेक. … बोला, तुम्ही बोला."

कापड घेऊन ती बाहेर पडली होती. झेंड्याचा खांब केंद्राच्या खिडकीलगतच होता, हात लांबवला तर लागेल इतका. दोर मिठाने कडक झाला होता. तिने एक कडी अडकवली, दुसरी अडकवली.   आभाळ स्वच्छ होतं. पाणी पाटासारखं सपाट. चारची बोट खडकांपाशी येऊन पोचली होती, चाळीस पाहुणे घेऊन. तिने दोर ओढला. एका कडेने फाटलेला झेंडा वर गेला. आतला आवाज खिडकीतून येतच होता.

"…हो, आजच चाळीस येताहेत. दिसतेय ना मला बोट. … थांबा. … थांबा, थांबा. वळतेय! बोट वळतेय, मालक! … अहो वादळ कसलं, पानसुद्धा हलत नाही! … ही बाई… झेंडा चढवला तिने. … फोन सोडून कसा जाऊ, तुम्ही लाईनवर. … नाही, आज आता नाही यायची. … नावाडी नवीन आहे, पण म्हणून काय झालं? लाल दिसलं की वळणारच ना तो! आभाळ कितीही स्वच्छ असो. न वळायला तो काय दारुडा आहे?"

आवाज तिथेच तुटला.

बाईने मान वर केली. खिडकीत साहेब उभे होते, रिसीव्हर कानाला, तोंड अर्धवट उघडं. दोर तिच्या मुठीत ताठ होता. मागे पाण्यात बोट पाठ फिरवून चालली होती. चाळीसच्या चाळीस माणसं धडधाकट, नाराज, जिवंत. ती नुसती बघत राहिली, आणि साहेबांना बघितल्यावाचून राहता येईना.

"…हो. … हो, आहे लाईनवर. ऐकतोय. … काय म्हणालात? … पान सात?"

तिकडचा माणूस काहीतरी विचारत होता. बराच वेळ विचारत होता. वर झेंडा फडफडला. साहेबांनी तिच्यावरची नजर काढली आणि मोकळ्या हाताने खिडकीचं दार आत ओढायला घेतलं.

"…नाही, मालक. … नाही, काही बदलू नका. … हो, चित्रासकट. … किती? … शाळेच्या दोनशे वेगळ्या. … हो, आजच. ठेवतो."