इबूच्या घराचं दार

"समुद्राकाठी मजा मारून आलास, असं पुन्हा म्हणू नको गण्या, न्हाई तर हा चहा तुझ्या अंगावर ओतीन. मक्याच्या बियाण्यासाठी कंपनीनं मला इंडोनेशियात धाडलं, तवा काठावरच्या एका खेड्यात इबूच्या घरी राह्यलो मी. इबू म्हणजे आई, तिथं म्हातारीला सगळे असंच म्हणतात.

आपण परतूरला टँकरची वाट बघून राह्यलो, अन् तिथं भरतीचं खारं पाणी न बोलावता चुलीपाशी येतं. मंग घरातच मातीचा भराव टाकायचा, जमीन उंच करायची. वर्षा-दोन वर्षांनी पाणी पुन्हा आत, पुन्हा भराव. छप्पर काही वर जात न्हाई. शेवटी दार इतकं ठेंगणं झालं, की मी रोज कमरेत वाकून आत जायचो.

बांध घालून द्या म्हणून इबूनं सरकारकडं किती अर्ज केले! एक दिवस आला बुवा साहेब, बुटाला चिखल लागू न्हाई म्हणून उड्या मारत. ताठ मानेनं आत शिरला अन् चौकटीला कपाळ थडकलं. वर इबूवरच खेकसला, 'असलं दार ठेवतात का? अक्कल न्हाई बिलकुल!'

माझं टाळकंच सरकलं. बाह्या सारून पुढं गेल्तो, पण इबूनं मला मागं ओढलं.

'दार बराबर हाय, साहेब,' ती म्हणाली. 'पहिल्या अर्जाला आले असते, तर ताठ चालत आत आले असते.'"