फौजदाराचं लगीन

...न्हाई न्हाई, मला बोलू द्या! तुमाला सांगतो, चकलांब्यात बिभीषणच्या पंक्चरच्या दुकानाम्होरं मला पिक्चरवर तोंड उघडायची बंदी हाय, वरीसभर! मला! ज्यानं ह्या टोळक्याला नवा-जुना एकेक पिक्चर इस्कटून सांगितला, त्याला! आन वरून म्हनतेत काय, "शिवशंकर, तुला पिक्चर कळत न्हाई!"

झालं काय, नव्या पिक्चरवर चर्चा चाललती. मी म्हनलं, नाच बेस, हानामारी बेस, पर गोष्टीत दम न्हाई. तर टोळक्यातले म्हातारे हरिबातात्या म्हनले, "आरं, पिक्चर म्हंजी आपल्या जत्रंतल्या तंबूत बघितलेला, फौजदाराचा! फौजदार गोळी खाऊन मरतो, सारी जत्रा रडती, आन मंग उठून लगीन लावतो! हाय का आता कुनात असली धमक?" बिभीषण लगेच, "न्हाईच बे!" अवो, मेलेला मानूस मुंडावळ्या बांधून कावून येईल? मी मोबाईलवर बघून खात्री केलती, तंबूवाल्यानं तवा मरायचं रीळ आधी लावलं आन लग्नाचं मागून! तवापासून सारं गाव उलटा पिक्चर डोक्यात घिऊन हिंडतंय... आन मला म्हनतेत, पिक्चर कळत न्हाई!

लागली पैज. हरंल त्यानं वरीसभर पिक्चरवर बोलायचं न्हाई. मी मोबाईल तात्यांच्या नाकाम्होरं धरला. आधी लगीन, मंग गोळी, फौजदार खल्लास, समाप्त! आता बोला म्हनलं! तात्यांनी चष्मा पुसला, पुन्यांदा बघितलं, आन म्हनतेत कसं, "मोबाईलवाल्यानं पिक्चर बिघडवला." बिभीषण पान्यानं टायर हानीत म्हने, "शेवटचं लगीनच कापलं की बे!" सारे तिकडं, मी एकटा हिकडं. झाली बंदी!

परवा सारेच माजलगावला नवा पिक्चर बघायला गेलतो. काय पिक्चर, काय पिक्चर, तुमाला सांगतो! माझ्या पोटात शब्द नुसते उड्या मारायलेत, पर शिट्टी मारली तरी बिभीषण म्हने, "बंदी!" आन शेवटी हीरो मेला. लई रडलो, खोटं कावून बोलू? दिवे लागले, मानसं उठली, पर तात्या हलंनात. "बसा बे, लगीन ऱ्हायलंय."

आता सांगायला पायजे का न्हाई? पर बंदी! आन खरं सांगू... मी बी उठलो न्हाई. एवढं गुनाचं पोरगं, मरूनच गेलं म्हंजी काय? वाटलं, बसावं जरा. दारावरचा मानूस चहाला गेलता, कुनी उठवलं न्हाई. आन तेवढ्यात पुन्यांदा दिवे गेले, पुढचा खेळ सुरू! पडद्यावर तोच हीरो, ठनठनीत, मोटरसायकलवर शीळ वाजवीत!

तात्यांनी माझ्या मांडीवर अशी थाप हानली, "आला का न्हाई?"

आन टाळ्या कोन वाजवायलंय सगळ्यात म्होरं? मी! जाऊ द्या राव... मला पिक्चर कळत न्हाई.