बिनशपथेची शाळा

माझं माहेर पेठ वडगावच्या अलीकडलं, बाजाराच्या वाटंवरचं लहान खेडं, आणि सासर ह्ये कसबा बावडा. लगीन झालं तवा मला धार काढाय येत व्हती आणि भाकरी थापाय येत व्हती, तिसरं काय येत न्हवतं. मालकांच्या, म्हंजे माझ्या नवऱ्याच्या, म्हशी व्हत्या. आमच्यात म्हशीच गावात न्यायच्या, कट्ट्यावर बांधायच्या, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाचा पेला हातात द्यायचा. मालक तालमीतलं, अंगानं असं की म्हस दावं तोडून पळाली तर शिंगं धरून थांबवायचं. खोटं न्हाई सांगत.

आणि अशा माणसाला दारूनं धरलं. कसं धरलं त्ये काय सांगू तुम्हाला, पावणं. आधी जत्रंत, मग कुस्तीचं मैदान झालं की, मग कारणच लागंना. म्हस लई शाणी असती बघा, दारूचा वास आला की दूध चोरती. गिऱ्हाईक पेला घिऊन उभं, आणि म्हस काय पान्हा सोडंना. लोक हसायचं. मग मीच कट्ट्यावर जायाला लागलो. बाईमाणूस कट्ट्यावर, म्हणून बी लोक बोललं. बोलंनात तिकडं.

आमच्या आत्ती, म्हंजे माझ्या सासूबाई, मालकांस्नी नरसोबाच्या वाडीला घिऊन गेल्या. आमच्याकडं रीतच हाय ती, दारू सोडायची म्हंजे वाडीला जायाचं, नदीत बुडी मारायची, पादुकांम्होरं शपथ घ्यायची. घेतली. मोडली. परत नेलं, परत घेतली, परत मोडली. आणि त्यानंतर पिणं कमी झालं असंल म्हणाल, तर वाढलं. म्हणायचं, देवाला फसवलंय मी, आता माझं काय ऱ्हायलंय. शपथ मोडल्याच्या शरमंनं प्यायचं, आणि प्यालं म्हणून आणखी शरम. आणि एक सांगतो, लिवा ह्ये. दुकान उघडून पाजणाऱ्याला कुणी वाडीला नेत न्हाई, पिणाऱ्यालाच नेत्यात.

कट्ट्यावर एक म्हातारं शिंपी दुधाला यायचं. एक दिवस हळूच म्हणालं, ताई, शनिवारी शाळा सुटली की एका वर्गात आम्ही बसतो, दारू सोडलेली माणसं, मालकांना घिऊन या. मी म्हटलं, आणि तुमी? तुमी पीत व्हता? म्हणालं, लोकांनी शिवायला दिलेली कापडं इकून प्यालोय, ताई.

झालं. शनिवारी मी नारळ घेतला, हार घेतला, उदबत्ती घेतली. तिथं बी शपथ असणारच की, मोकळ्या हातानं कसं जायाचं? मालकांना नुसतं चला म्हटलं. शाळा काय घावंना. पानवाल्याला इचारलं, पिणारी माणसं शनिवारी कुठं जमत्यात वो? त्यो म्हणाला, वहिनी, शनिवारीच कशाला, रोजच जमत्यात, त्यो काय म्होरं गुत्ता. मालक शरमलं, पण हसलं. लई दिसांनी हसलं.

शाळेच्या फाटकात मालकांनी पिशवीतला नारळ बघितला आणि पाय रोवून उभं ऱ्हायलं. शपथ हाय व्हय? मी म्हटलं, असंलच की. तसं माघारी वळलं. म्हणालं, दोनदा देवाला फसवलंय, तिसऱ्यांदा न्हाई, दारूत मरंन पण खोट्यात मरायचं न्हाई मला. एवढा गडी, मी काय वढून नेणार? वाटलं, आज ह्ये माघारी फिरलं तर परत कुठल्या दारात न्यायचं?

तवर शिंपी बाहेर आलं. पिशवी बघितली, पण हसलं न्हाईत. मालकांना म्हणालं, पावणं, आत शपथ न्हाई. नुसतं आज पिऊ नका. मालक म्हणालं, आणि उद्या? उद्याचं उद्या. आणि उद्या प्यालो तर? तर परवा या की, दार उघडंच हाय. हाकलत न्हाई? हाकलत असतं तर आधी मला हाकललं असतं, मीच कितींदा परत पिऊन, पडून आलोय.

मालक आत गेलं. मी खिडकीतनं बघत व्हतो. पोरांच्या बारक्या बाकांवर दांडगी दांडगी माणसं गुडघं दुमडून बसलेली. आमच्या कोल्हापुरात चितपट झालेला गडी बी पंचाशी भांडतो, हरलो म्हणत न्हाई. आणि ह्यो माणूस अनोळखी लोकांत उभा ऱ्हायला, आपलं नाव सांगितलं, आणि म्हणाला, मला दारू सुटत न्हाई. त्यांच्या कुस्त्या मी लई बघितल्यात, पावणं, पण तसली हिंमत एका बी कुस्तीत बघितली न्हाई. नारळाची घरी येऊन चटणी केली.

मग काय सगळं सरळ झालं असं न्हाई. एकदा परत पिऊन पडलं. तोंड लपवून घरात बसलं. मी म्हटलं, शनिवार हाय, उठा. गेलं. कुणी टोमणा मारला न्हाई, सरकून बाकावर जागा दिली. आत्ती मरंस्तवर म्हणायच्या, बिगरशपथंचा माणूस सुधारतो व्हय? सुधारला की.

आता बायका इचारत्यात, कायमची सुटली न्हवं? मी म्हणतो, उद्याचं मला म्हाईत न्हाई बया. आज सकाळी शुद्धीत उठलं, च्या प्यालं, च्यात साखर कमी म्हणून माझ्यासंगं भांडलं. शुद्धीतल्या माणसाचं भांडण लई ग्वाड लागतंय बघा. तुमास्नी बी, पावणं, असं भांडणारं माणूस घरात लाभू दे.