एकावर एक दोन टीव्ही

नाही, नाही, वरचा एकटाच न्या — खालच्याला हात लावू नका. अहो, बिघडलेले दोन्ही आहेत, मी कुठे नाही म्हणतोय? वरच्यात चित्र दिसायचं, आवाज नाही. खालच्यात आवाज खणखणीत, पण काच काळी ठिक्कर. म्हणून एकावर एक. एकाच अँटेनाची वायर दोघांना, दोन्हीकडे एकच चॅनल लावला की झाला एक धडधाकट टीव्ही! हसताय ना? हसा. घरी येणारा प्रत्येक जण हसायचा. त्यातून मी कॉलेजात शिकवायचो हेच — पडद्यावर मुंग्या का येतात ते समजावण्यात तास संपायचा, म्हणून पोरं मला मुंग्यासर म्हणायची. आणि घरात ही तऱ्हा.

बसा ना, भंगाराची हातगाडी काही पळून जात नाही. चित्र आणि आवाज हवेतून बरोबरच यायचे, पण एकमेकांत कालवलेले नव्हेत बरं का — शेजारीशेजारी. चित्राची लहर कमी-जास्त उंच व्हायची, आवाजाची उंची तीच ठेवून दाट-विरळ व्हायची, आणि दोघांत ठरलेलं अंतर. अँटेना दोघांना एकदमच पकडायची. वेगळं करायचं ते टीव्हीच्या पोटात — चित्र पडद्याकडे, आवाज स्पीकरकडे. तिथे जरा चुकलं की आवाज चित्रात घुसतो, कुणी बोललं की पडद्यावर आडवे पट्टे थरथरतात. वरच्यात तसंच व्हायला लागलं, म्हणून मी तो उघडला — शिकवतो म्हणजे दुरुस्तही करता येईल, नाही का? — आणि आवाज पार घालवून बसलो. कदाचित आधीच जायला आला असेल. नाही, मीच घालवला.

खालचा हिचा. हिच्या वडिलांनी दिलेला, तिला विचारल्याशिवाय कसा देऊ? ती लेकीकडे गेलीय, बाळंतपणाला. येईल. म्हणजे — बाळंतपण झालं, नात आता शाळेत जाते. दुसरीत. असो. तुम्हाला पाणी देऊ का?

आता हवेतून काही येतच नाही म्हणा, ते प्रक्षेपण कधीच बंद झालं. तरी संध्याकाळी मी दोन्ही लावतो — वर मुंग्या, खाली खरखर. दोन्हीकडे चॅनल एकच आहे ना, एवढं मात्र बघतो. वेडेपणाच, मला कळतं. पूर्वी वरचं बटण माझ्याकडे असायचं, खालचं तिच्याकडे. मी फिरवलं की ती फिरवायची. रागावली असली की मुद्दाम नाही फिरवायची — मग बातम्या देणारा माणूस गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, मंद आचेवर झाकण ठेवा! मी हसायचो, तिलाही हसू फुटायचं, की मिटलं भांडण. त्या संध्याकाळी मात्र तिनं फिरवलं नाही. आणि मी — इतका शिकलेला माणूस, बघा — मला वाटलं, अँटेना हलली. पाना घेऊन गच्चीवर गेलो. वरून ओरडतोय, आलं का? अगं, आता आलं का? खाली आलो तर ती बॅग भरत होती. काय बोलावं माणसानं? मी म्हटलं, जुळलं की नाही तेवढं तरी सांग!

काय? दोन्ही न्यायचे? कुणी सांगितलं? मला वाटलं तुम्ही असेच गल्लीतून फिरत — लेकीनं फोन केला होता? तुम्हाला? बरं, पण तिला काय माहीत, तिच्या आईला विचारायला — आईनंच सांगितलं म्हणाली? जागा अडते म्हणून? नक्की ना? तसं नव्हे, तुमच्यावर अविश्वास नाही, पण माणसाचा ऐकण्यात घोटाळा होतो — नाही झाला. बरं.

मग प्रश्नच मिटला. वस्तू तिची, तिनं सांगितलं. थांबा, वायर ओढू नका, मी सोडवतो — बारीक स्क्रू नीट दिसत नाही, वय झालं — तुम्हीच सोडवा. खालचा आधी नको, वरचा उतरवा. पाठीमागून धरा, जड आहे. सावकाश, उंबरठ्याला लागेल.

अहो — लेक आणखी काही म्हणाली का? आई काही म्हणाली, असं? माझ्याबद्दल? नाही, आपलं सहज विचारलं. जा तुम्ही. जा.