उपासात वाजलेला ट्रम्पेट

बसच्या रांगेत माझ्यामागे पातेलं घेतलेली एक म्हातारी होती आणि तिच्यामागे ट्रम्पेटवाला.

"सकाळी कड्याच्या टोकावर तुम्हीच फुंकत होता ना?"

"मीच, वुकाशिन. आमच्या बँडचा व्हिडिओ घेत होते, काकू."

"ईस्टरच्या उपासात? या दिवसांत लग्न नसतं. बँड वाजला म्हणजे कुणीतरी गेलं! खाली अख्ख्या गावानं टोप्या काढल्या. मी मयतासाठी गोड गहू शिजवला आणि कोण गेलं म्हणून दारोदार विचारत फिरले. सगळे जिवंत! आता हा गहू तुम्हीच संपवा."

"द्या इकडे. डायरेक्टर म्हणाला होता, नुसते गाल फुगवा, आवाज नंतर भरू. मी म्हटलं, वुकाशिन खोटं वाजवत नाही."

"आमच्या वेलिमिर भावोजींना वाटलं, आपणच गेलो. नाताळापासून अंथरुणाला खिळलेला माणूस, कोट चढवून अंगणात आला."

"अरे देवा! मग?"

"शेवटपर्यंत उभ्यानं ऐकलं. म्हणाले, असला दमदार वाजवणारा मरणात कशाला वाया घालवायचा? नातीच्या लग्नात नाचणार म्हणतात."

"नाचवतो की! लग्न कधी?"

"ईस्टरनंतरचा पहिला रविवार धरून ठेवा. मुलगा तोवर बघतो आम्ही."