घरीच तर असतेस

मी मूळची चिंचवडची. वडील कारखान्यात होते, तिथे जपानी मशिनं आली आणि त्यांची पुस्तकं कुणाला वाचता येईनात, म्हणून त्यांनी मला जपानीच्या क्लासला घातलं, म्हणाले शीक, उपाशी मरणार नाहीस. शिकले. लग्न करून साउथहॅम्प्टनला आले, नवरा श्रीकांत इथे हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मी घरून ट्रान्सलेशन करायला लागले, मशिनच्या मॅन्युअल्सचं. कुणाची नोकरी नाही, आपलं आपण. जपानी लोक त्याला फुरीरान्सु म्हणतात, इंग्रजी फ्रीलान्सवरूनच उचललेला शब्द. त्यांना कळतं, आपल्या लोकांना कळत नाही.

काय सांगू तुम्हाला, तू घरीच तर असतेस, मग आमच्या बॉयलरवाल्याला दार उघड, तू घरीच तर असतेस, मग मंडळाचे मोदक तूच कर. अहो, मी घरी असते म्हणजे रिकामी असते का? एका बुधवारी माझ्या सगळ्यात जुन्या क्लायंटला काम पाठवायचं होतं, आणि श्रीकांतच्या कलीगची बायको वर्षा आपल्या आईवडिलांना माझ्याकडे सोडून गेली, तासभर बसतील म्हणून. संध्याकाळपर्यंत बसले. चहा, जेवण, काकांना क्रिकेट लावून द्या. काम वेळेत गेलं नाही, क्लायंट तुटला. श्रीकांतला सांगितलं तर म्हणाला जाऊ दे गं, माझा पगार आहे ना. त्याचा अजून राग येतो मला, आत्ता बोलतानाही येतोय. एकच क्लायंट उरला होता, तोही गेला असता तर मी खरंच घरी बसले असते.

त्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. म्हटलं, संपलंच आता. आठवडाभर त्यांनी नुसतं बघितलं, आणि सोमवारी मी वर कामाला गेले तशा मेथी निवडायला घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. बेल वाजली, वर्षा. तिला म्हणाल्या, सूनबाई ऑफिसला गेलीय. ती म्हणाली अहो काकू, वर टाइप केल्याचा आवाज येतोय. तर म्हणतात, हो, ऑफिस वरच आहे, पाचला सुटतं. श्रीकांतला सुट्टी होती, तो चहा सांगायला वर निघाला तर त्यालाही अडवलं, म्हणाल्या तूच टाक की, मलाही दे अर्धा कप.

संध्याकाळी मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, तीस वर्षं ब्लाउज शिवले मी, त्यावर ह्याला डॉक्टर केला, आणि गल्लीतली प्रत्येक बाई म्हणायची घरीच तर असता, जाता जाता साडीला फॉल लावून द्या. माझ्या दारात कुणी बसलं नाही गं. श्रीकांत तिथेच होता. ओशाळला. ओशाळू दे.

आता त्या पुण्याला परत गेल्यात. क्लायंट टिकलाय. वर्षा अजून बेल वाजवते, मी अजून चिडते, आणि दार उघडत नाही. देव आईंना उदंड आयुष्य देवो, फोन केला की आधी विचारतात, अगं, ऑफिस सुटलं का, की नंतर करू? इतक्या वर्षांत इथे हे मला कुणी विचारलेलं नाही.