थांबायला सांगितलंय

वादळामुळे विमानाला उशीर होता. विमानतळावर ताटकळलेल्या एका नर्सबाईंच्या कानावर शेजारी बसलेल्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

“ताई, आईला नक्की काय झालंय?”

“पाय घसरून पडली. किती वेळा सांगू?”

“मग उद्या आगगाडीनं गेलो असतो. विमानात माझा जीव कसा मुठीत असतो, तुला माहीत आहे.”

“उद्या नको.”

“का?”

“हात बघ किती गार पडलेत तुझे! पाणी पी.”

“विषय बदलू नकोस. मघाशी फोनवर कोणाला थांबायला सांगत होतीस?”

“दादाला. आपण पोचेपर्यंत.”

“कशासाठी थांबायचंय त्यानं?”

ताई खिडकीबाहेरचा पाऊस बघत राहिली.

“ताई, माझ्याकडे बघ.”

तिनं बघितलं नाही.

विमानात बसायची सूचना झाली. ताईला उठवेना. भाऊच आधी उठला.

“चल ताई. बॅग दे माझ्याकडे.”